दुष्काळी पट्ट्यातील ख्रिस्ती मंडळी : शिरूर, दौंड आणि केडगावचे मुक्ती चर्च

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके भीमेच्या दोन काठांवर वसलेले असून सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे, कालवे आणि ऊस येण्यापूर्वीचा त्यांचा इतिहास हा मुख्यतः अवर्षणाचा आणि कर्जाचा इतिहास आहे. 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि खते जाळून ज्या दंग्यांना तोंड फुटले, त्यांची झळ शिरूर आणि त्या वेळच्या भीमथडी तालुक्याला, म्हणजे आजच्या दौंड-बारामतीच्या मुलखाला, मोठी बसली होती. पुढच्याच वर्षी 1876-77 चा दुष्काळ पडला, आणि शतक संपता संपता 1896-97 व 1899-1900 असे आणखी दोन महादुष्काळ देशाच्या मोठ्या भागावरून फिरून गेले. या परिसरातील ख्रिस्ती मंडळींची वाढ याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते, कारण येथील चर्चच्या भिंती ज्या काळात उभ्या राहिल्या त्या काळात प्रवचनापेक्षा अन्न, निवारा आणि विहीर यांची निकड अधिक होती, आणि ज्या संस्थांनी ती निकड ओळखली त्याच पुढे टिकल्या.

‘चर्च’ या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम इमारत येते. मराठी ख्रिस्ती समाजात मात्र त्यासाठी ‘मंडळी’ हा जुना शब्द आहे आणि तो माणसांच्या समूहासाठी वापरला जातो. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा धर्मप्रवेशाचा संस्कार, घेतलेल्या व्यक्तींची ही संघटना असते; तिचा एक पाळक असतो, सभासदांतून निवडलेले पंच किंवा डीकन व्यवहार पाहतात, दर रविवारी उपासना होते आणि ठराविक रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, केला जातो. इमारत नसली तरी मंडळी असू शकते, आणि पूर्व पुणे जिल्ह्यातील अनेक मंडळ्या आरंभी कोणाच्या तरी ओसरीवर किंवा शाळेच्या खोलीतच भरत असत.

शिरूरचा ख्रिस्ती धर्माशी पहिला संबंध मिशनऱ्यांमुळे नव्हे, तर छावणीमुळे आला. 1802 च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रजी फौजेचा तळ घोडनदीच्या काठी शिरूरला पडला, आणि 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉंटनची तुकडी भीमा कोरेगावकडे निघाली तीही येथूनच. या छावणीची सर्वांत विलक्षण खूण म्हणजे तेथील दफनभूमीतील कर्नल विल्यम वॉलेस याची कबर होय. असईच्या लढाईत आणि गाविलगडाच्या वेढ्यात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाताखाली लढलेला हा अधिकारी 1809 मध्ये शिरूरला मरण पावला आणि पंचक्रोशीतील लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणून पूजू लागले. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरने या पूजेची नोंद घेतली असून, सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य या कबरीवर आणला जात असल्याचे त्यात म्हटले आहे. या लोकांनी वॉलेसचा धर्म स्वीकारला नव्हता, त्याच्याविषयी कोणी त्यांना उपदेशही केला नव्हता. एका परक्या, परधर्मीय माणसाच्या सचोटीची त्यांच्या मनावर जी छाप पडली तिला त्यांनी आपल्याच रीतीने मान दिला. पुढे या भागात ख्रिस्ती संस्थांकडे लोकांनी कोणत्या दृष्टीने पाहिले याचा विचार करताना ही कबर विसरता येत नाही.

प्रत्यक्ष मंडळीची स्थापना अमेरिकन मराठी मिशनमुळे झाली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे या मिशनचे पहिले प्रतिनिधी 1813 मध्ये मुंबईस उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे झाले आणि पुणे-नगर रस्त्यावरील शिरूर येथे 1841 मध्ये ओझ्रो फ्रेंच यांनी केंद्र उघडले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते. म्हणजे बिशपची सत्ता न मानता प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, आपला पाळक आपण निवडावा आणि जमेल तितका त्याचा खर्चही आपणच उचलावा, असे त्याचे तत्त्व होते. गावकीत ज्यांना चावडीची पायरी चढता येत नव्हती अशा महार आणि मांग समाजांतील कुटुंबांतून या मंडळ्यांचे बहुसंख्य सभासद आले. ज्या माणसाला गावाच्या बैठकीत कधी तोंड उघडता आले नव्हते, तो मंडळीच्या सभेत पंच म्हणून निवडला जाई, हिशेब तपासत असे आणि ठरावावर मत देत असे. सामाजिक दृष्टीने हा बदल केवळ उपासनेचा प्रकार बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि इतिहासलेखनात त्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

मंडळीबरोबर शाळा आली, किंबहुना बहुतेक ठिकाणी शाळाच आधी आली. याच मिशनच्या सिंथिया फरार या शिक्षिकेने अहमदनगरला चालवलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात 1848 मध्ये मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. शिरूर हे पुणे आणि नगर या दोन टोकांच्या मधले ठाणे असल्यामुळे खेड्यांतील छोट्या शाळा, फिरते पुस्तकविक्रेते आणि घरोघरी जाऊन स्त्रियांना वाचायला शिकवणाऱ्या, ‘बायबल वुमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती स्त्रिया या साऱ्या कामाचे ते केंद्र झाले. पुढे रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांच्या दीर्घ कारकिर्दीत येथे हस्तव्यवसायाचे शिक्षण देणारी शाळा उभी राहिली, आणि 1899-1900 च्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना तिचा मोठा आधार मिळाला. अक्षरओळखीबरोबर हातात कसब दिले नाही तर मुलगा पुन्हा त्याच वेठबिगारीत जाईल, हा त्यामागचा विचार होता.

या मंडळ्यांची उपासना परदेशी वळणाची राहिली नाही, याचे श्रेय प्रामुख्याने मराठी ख्रिस्ती कवी आणि कीर्तनकार यांना द्यावे लागते. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, ओवी आणि पदे यांतून ख्रिस्तभक्तीला वारकरी वळण दिले, आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांतून पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने म्हटली जातात. संघटनेच्या बाजूने पाहता, मिशनने घडवलेल्या मंडळ्या 1924 मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निर्माण झाल्यावर त्या व्यवस्थेचा भाग बनल्या. बिशप नको म्हणणारी परंपरा अशा रीतीने बिशपप्रधान रचनेत आली.

दौंडची कथा वेगळी आहे, कारण तेथे छावणीची जागा रेल्वेने घेतली. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग 1858 मध्ये या भागातून पुढे सरकला आणि 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. इंजिनचालक, गार्ड आणि फिटर यांच्याबरोबर अँग्लो-इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती कुटुंबे रेल्वे वसाहतीत राहावयास आली व त्यांच्यासाठी उपासनेची सोय झाली. शिरूरच्या मंडळीचा शेतीशी आणि गावकुसाशी जसा संबंध होता तसा या वसाहतीचा नव्हता. रेल्वेमुळेच आणखी एक गोष्ट शक्य झाली. दुष्काळग्रस्त मुलखातून आणलेली मुले उतरवून घेण्यास जंक्शन सोयीचे होते, आणि शतकाच्या अखेरीस अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्याने दौंडला अनाथ मुलांसाठी ‘बॉइज ख्रिश्चन होम’ काढले. मुलांसाठी असे घर काढण्याची सूचना त्यांना पंडिता रमाबाईंनी केली होती, आणि त्या वेळी रमाबाई स्वतः दौंडच्या अलीकडे काही स्थानकांवर, केडगाव येथे, मुलींसाठी तेच काम करीत होत्या.

नगर शहरालगतच्या केडगावशी ज्याचा अनेकदा घोटाळा होतो ते हे दौंड तालुक्यातील केडगाव पुण्याहून रेल्वेने साठेक किलोमीटरच्या आत आहे, आणि येथील मुक्ती मिशनचे चर्च हे या सगळ्या परिसरातील सर्वांत मोठे आणि जगभर माहीत झालेले ख्रिस्ती उपासनास्थान होय. त्याच्या स्थापनेमागे मात्र चर्च बांधण्याचा कोणताही आराखडा नव्हता. 1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाई डोंगरे यांचे आईवडील 1870 च्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून खंगून गेले होते. त्यानंतर भाऊ श्रीनिवासासह पायी भारतभर भटकंती, 1878 मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, अठराएक महिन्यांतच वैधव्य, 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा आणि अमेरिकेतील अडीच-तीन वर्षांचा प्रवास अशी वाटचाल करून त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने या सदनाला दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, यासाठी फळबागेचे उत्पन्न हाती असावे म्हणून त्यांनी केडगावला सुमारे 100 एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि झाडे लावली. जो माणूस तोट्याचा हिशेब काही वर्षे आधी मांडतो त्याला भाबडा समाजसेवक म्हणता येत नाही, आणि रमाबाईंच्या या व्यवहारदृष्टीकडे त्यांच्या भक्तांनी आणि टीकाकारांनी सारखेच दुर्लक्ष केले आहे.

1896-97 च्या दुष्काळाची वार्ता आली तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली व तरुण विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, म्हणून या मुलींना केडगावच्या बागेत तंबू आणि गवती झोपड्या घालून ठेवावे लागले. ज्या जमिनीकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले होते ती अशा रीतीने वसाहत झाली. त्याच वर्षी प्लेगच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांची होणारी आबाळ आणि बेअब्रू यांविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहिलेल्या पत्राचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. 1898 मध्ये पक्क्या इमारतींना ‘मुक्ती’ हे नाव देण्यात आले, 1899 मध्ये चर्चची पायाभरणी झाली, आणि गुजरातेतील 1899-1900 च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींमुळे येथील वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली. त्या काळी दौंड परिसरातील बहुतेक खेड्यांची लोकसंख्या याहून कमी असेल.

एवढ्या मोठ्या घराची व्यवस्था ज्या तपशिलाने लावली गेली तो पाहण्यासारखा आहे. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होते, वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन होते, आणि मुलांसाठी सदानंद सदन होते. बार्तीमी हे नाव शुभवर्तमानातील एका आंधळ्या भिकाऱ्यावरून, म्हणजे येशूने ज्याला दृष्टी दिली अशी कथा आहे त्या बार्तीमयावरून, आलेले आहे. अंध मुली उठावाच्या ठिपक्यांवर बोटे फिरवून ब्रेल वाचायला शिकत, टोपल्या विणत आणि धान्य दळत. इतर स्त्रिया मागावर कापड विणत, तेल गाळत, दूधदुभते आणि भाजीपाला पाहत, विटा-चुन्याच्या कामावर देखरेख करीत आणि शाळेत शिकवीत. चर्च या सगळ्याच्या मधोमध होते, आणि सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, शाळेचा मोठा वर्ग, सभा आणि नव्याने आलेल्या मुलींचे स्वागत या सर्वांसाठी तीच एक जागा होती. येथे उपासक बाकांवर न बसता जमिनीवर बसत. पुरुष पाळकांचा आणि परदेशी पाहुण्यांचा वावर असला तरी प्रार्थना चालवणे, शास्त्र समजावणे आणि निर्णय घेणे ही कामे स्त्रियांकडे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील फार थोड्या चर्चविषयी असे म्हणता येईल.

या मंडळीचे जगाच्या इतिहासातील स्थान 1905 च्या घटनांमुळे निश्चित झाले. वेल्समधील धर्मजागृतीची बातमी आल्यावर रमाबाईंनी त्या वर्षी मुलींचे प्रार्थनागट तयार केले, आणि जूनच्या अखेरीस त्या गटांत मोठ्याने एकत्र प्रार्थना करणे, पापांची जाहीर कबुली देणे आणि भावावेशाने रडणे-गाणे असे प्रकार सुरू झाले, ज्याला ख्रिस्ती परिभाषेत ‘संजीवन’ किंवा ‘पवित्र आत्म्याचे ओतले जाणे’ म्हणतात. मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत प्रचाराला जाऊ लागले आणि दौंडच्या मुलांच्या होममध्येही ही लाट पोहोचली. रमाबाईंच्या अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी 1906 मध्ये या अनुभवावर पुस्तिका लिहिली, तिची प्रत दक्षिण अमेरिकेतील चिली देशात त्यांच्या मैत्रिणीकडे गेली, आणि तेथील मेथडिस्ट मंडळीत 1909 मध्ये जी पेंटेकॉस्टल चळवळ उसळली तिच्या उगमांत केडगावची ही पुस्तिका गणली जाते. भावावेशाच्या अशा प्रकारांविषयी त्या काळच्या अनेक मिशनऱ्यांना शंका होती. परंतु अनाथ, अर्धपोटी आणि बोलू न दिलेल्या मुलींना एका जागी मोठ्याने बोलण्याची मुभा मिळाली, ही गोष्ट केवळ धर्मशास्त्राच्या चष्म्यातून पाहण्यासारखी नाही.

रमाबाईंच्या धर्मांतरावरून आणि विशेषतः मुलींच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात जो वाद झाला तो टाळून या चर्चचा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याचे 1893 मध्ये उघड झाले तेव्हा ‘केसरी’ने कडक टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार निराधार नव्हती, कारण विश्वासाने सोपवलेली मुलगी आपल्या धर्मात राहील ही त्यांची अपेक्षा रास्त होती. केडगावला परिस्थिती बदलली होती. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि तेथे येणाऱ्या बहुतेक मुलींवर हक्क सांगायला कोणी उरलेच नव्हते, परंतु भुकेने आलेल्या मुलीची निवड कितपत मोकळी असते हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही विचारला जातो. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे लागते की स्वतः रमाबाईंनी कोणत्याही चर्चची सत्ता निमूटपणे मानली नाही. वाँटेजला त्यांच्या मार्गदर्शक असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आपल्या सदसद्विवेकाचा हक्क वारंवार बजावला, त्या अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या, साधे पांढरे लुगडे नेसत राहिल्या, आणि मुक्तीची मंडळीही कोणत्या एका पंथाला बांधून घेतली नाही.

त्यांच्या स्वातंत्र्याची सर्वांत ठोस खूण म्हणजे बायबलचे भाषांतर. अमेरिकन मिशनने मराठी नवा करार 1826 मध्ये आणि संपूर्ण बायबल 1847 मध्ये छापले होते. परंतु त्या भाषेत संस्कृतप्रचुर शब्दांचा भरणा असल्यामुळे खेड्यातील बाईला ती कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम हाती घेतले आणि जवळजवळ अठरा वर्षे ते चालवले. छपाईचे काम मुक्तीतच झाले. दुष्काळातून आणलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या, त्यांपैकी काहींच्या हाताखाली हिब्रू आणि ग्रीक खिळ्यांच्या पेट्याही होत्या, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू ओळ जुळवणे, मुद्रिते काढणे, ती तपासायला नेणे, पानांच्या घड्या घालणे व बांधणी करणे ही सारी कामे त्या करीत. जुलै 1921 मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. रमाबाईंनी त्यानंतरही मुद्रिते तपासणे थांबवले नाही आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे केडगाव येथेच निधन झाले. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. मूळ भाषांवरून एकट्या स्त्रीने केलेली संपूर्ण बायबलची भाषांतरे जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी थोडी आहेत, आणि त्यांतील एक दौंड तालुक्यात, तेथील मुलींच्या हातांनी छापले गेले.

रमाबाईंच्या पश्चात मुक्ती मिशन बंद पडेल असे अनेकांना वाटले होते. ते चालू राहिले. शिरूरची मंडळी आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या रचनेत आहे, तर केडगावचे चर्च स्वतंत्र विश्वस्त संस्थेच्या आवारात आहे, आणि दोन्हींची कामे काळाप्रमाणे बदलली आहेत. दुष्काळी मुलींचे लोंढे थांबले, सरकारी शाळा आणि दवाखाने आले, कालव्यांनी उसाचा पैसा आणला. तरीही टाकून दिलेले मूल, नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, दृष्टी नसलेली मुलगी आणि मागे कोणी नसलेली म्हातारी यांच्यासाठी मुक्तीची घरे उघडी राहिली असून, शाळा आणि रुग्णालय यांचा उपयोग आसपासच्या सर्व धर्मांच्या कुटुंबांना होतो. भारतीय टपाल खात्याने 1989 मध्ये रमाबाईंच्या नावे तिकीट काढले. नाताळ, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानदिन हे मोठे सण जसे येथे पाळले जातात तसाच मराठी मंडळ्यांत हंगामाचा सणही पाळला जातो, ज्यात सभासद आपल्या शेतातील किंवा परसातील पहिले पीक, धान्य, भाजी, फळे वा अंडी उपासनेला घेऊन येतात, आणि उपासनेनंतर त्या वस्तूंचा लिलाव होऊन येणारी रक्कम मंडळीच्या खर्चासाठी जमा केली जाते.